हिंवाळ्यांतील एक दिवस : येळवस

(नभोवाणीवरील भाषण)

मी शाळेंत शिकत असतांना आमच्या इंग्रजी वाचनमालेंत इंग्लंडांतील हिंवाळ्यावर एक धडा होता. बाहेर बर्फ पडत आहे, खिडक्या लावून घेतल्या आहेत, घरांतील लहानथोर मंडळी शेकोटीभोंवतीं बसून नाताळच्या जेवणाची वाट पाहत आहे, असें त्यांत वर्णन होतें. पुढें मी स्वतः मास्तर झालों आणि तशाच प्रकारचा धडा मुलांना शिकविण्याची पाळी मजवर आली. निलंगा तालुक्यांतील ज्या खेड्यांत मी तो शिकवीत होतों तेथील मुलांनीं बर्फ कधीं पाहिला नव्हता. मींहि तो पाहिला नव्हता. धडा संपल्यावर मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, सणाच्या दिवशीं ते घरांतच बसतात? त्यांना रान नाहीं का?" सारा वर्ग हंसला. मीहि हंसलों. परंतु तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या मुलाला तेव्हां जें उत्तर द्यावयास हवें होतें तें आज देण्याचा प्रयत्न करतों.

त्या उत्तराचा पहिला भाग भूगोलाचा आहे. लंडन शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेएकावन्न अंशांवर वसलेलें आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धांत तेथें दिवस आठ तासांचाहि भरत नाहीं. दुपारचे चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. अशा दिवसांत माणसांनीं एकत्र यावयाचें तें छपराखालीं आणि विस्तवाजवळच. डिकन्सची नाताळावरील प्रसिद्ध कथा १८४३ सालीं निघाली, आणि कुटुंबानें एकत्र बसून जेवण्याचा सण हें नाताळचें रूप इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाच्या मनावर ठसलें. इंग्रज माणूस हिंवाळ्यांत घराबाहेर पडतच नसे, असें मात्र नाहीं. पूर्वीं एखाद्या कडक हिंवाळ्यांत थेम्स नदी गोठली म्हणजे तिच्या पाठीवर दुकानें लागत आणि मुलाबाळांना घेऊन लोक त्या जत्रेस जात. अशी शेवटची जत्रा १८१४ सालीं भरली. पुढें तेथील जुना पूल पाडून नवा बांधल्यावर पाण्याला वेग आला, हवाहि पूर्वीपेक्षां सौम्य झाली, आणि नदी गोठेनाशी झाली. जत्रा संपली, शेकोटी राहिली.

आमचे लातूर आणि नांदेड हे जिल्हे अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास आहेत. भर हिंवाळ्यांतहि आमचा दिवस अकरा तासांच्या जवळपास असतो. आश्विनांत पाऊस परतलेला असतो आणि काळ्या जमिनीनें आपल्या पोटांत ओल धरून ठेवलेली असते. त्या ओलीवर मार्गशीर्षांत शाळू डोक्याइतका वाढतो, हरभऱ्याला घाटे धरतात, करडई आणि जवस फुलावर येतात, तुरीच्या शेंगा भरतात. सकाळीं दंव, दुपारीं कोंवळें ऊन, आणि क्षितिजापर्यंत हिरवें रान. अशा दिवसांत घरांत कोण बसेल?

म्हणूनच कीं काय, आमच्याकडचे हिंवाळ्यांतील मोठे प्रसंग सारे घराबाहेरचे आहेत, आणि ते दहा-अकरा दिवसांच्या आंत एकामागून एक येतात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें खंडोबाची यात्रा सुरू होते. दुसऱ्या दिवशीं, अमावास्येस, लातूर जिल्ह्यांतील घरेंच्या घरें ओस पडतात आणि माणसें शेतांत जाऊन राहतात. त्यानंतर सात दिवसांनीं, पौष शुद्ध सप्तमीस, नांदेडच्या गुरुद्वारांत गुरु गोविंदसिंगांचा जन्मोत्सव होतो. या तिहींपैकीं मधल्या दिवसाविषयीं मला मुख्यतः बोलावयाचें आहे. पंचांगांत ती दर्श अमावास्या आहे. सरकारी कागदावर ती वेळ अमावास्या आहे. आमच्या बायाबापड्या तिला येळवस म्हणतात.

आमचें मूळ घर अहमदपूर तालुक्यांतलें. चौदा एकर जमीन, एक विहीर, दोन बैल, एक गाय आणि तीन भावांचें एकत्र कुटुंब. अमावास्येच्या दोन दिवस आधीं आंबील घातली जाई. ज्वारीचें पीठ शिजवून तें ताकांत कालवावयाचें, त्यांत लसूण, जिरें व कोथिंबीर घालावयाची, आणि मडक्याचें तोंड बांधून तें आंबत ठेवावयाचें. आदल्या रात्रीं आमच्या घरची चूल विझत नसे. आजी, आई आणि दोघी काकू रात्रभर जागत. बाजरीचे उंडे, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर, भाकरी आणि सर्वांवर मान असलेली भज्जी. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना सांगितलें पाहिजे कीं, या भज्जीचा कांद्याच्या भज्यांशीं कांहीं संबंध नाहीं. हरभऱ्याचे सोले, तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, भुईमूग, गाजर, वांगीं, मेथी, पालक, म्हणजे त्या दिवशीं रानांत जें जें उगवलेलें असेल तें तें सारें, चिंचेच्या कोळांत आणि बेसनांत शिजवून केलेली ती भाजी होय. एका पातेल्यांत साऱ्या शिवाराची चव असे.

सकाळीं वडील डोक्यावर आंबिलीचें मडकें घेऊन पुढें निघत. मागें टोपल्या घेतलेल्या बायका, त्यांच्या मागें आम्हीं मुलें. शेतांत कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, त्यांचे शेंडे एकत्र बांधून, वर शाल पांघरून कोपी उभी केलेली असे. तींत पांच दगड चुन्यानें आणि कावेनें रंगवून मांडीत. ते पांच पांडव. पूजा झाल्यावर वडील मडक्यांतली आंबील घेऊन पिकाभोंवतीं फिरत, ती शिंपडीत जात आणि मोठ्यानें आरोळी देत. आम्हीं मुलें तीच आरोळी त्यांच्या मागून देत असूं. तिच्यांतले कांहीं शब्द कोणत्या भाषेचे आहेत हें आम्हांस ठाऊक नव्हतें, पण ते चुकलेले आजीला खपत नसत. मग पंगत बसे. जेवणानंतर झाडाला बांधलेल्या झोक्यावर मुलींचा, आणि बोरी व ऊंस यांच्यावर मुलग्यांचा हक्क. दिवस कलतांना कोपीपुढें लहानशा मडक्यांत दूध उतूं घालीत. तें ज्या दिशेला सांडेल तिकडून पुढच्या वर्षाचा पाऊस चांगला, असा अंदाज बांधीत. अंधार पडला म्हणजे कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन तरणी माणसें पिकाभोंवतीं धांवत. एका शेतांतला हेंडगा दिसला कीं दुसऱ्या शेतांतला पेटे, आणि थोड्याच वेळांत साऱ्या शिवारांत उजेड फिरूं लागे.

दुसऱ्या दिवशीं वडिलांची बैलगाडी माळेगांवची वाट धरी. माळेगांव हें नांदेडहून लातूरकडे येणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यांत आहे. तेथें घोडे, उंट आणि गाढवें यांचा मोठा बाजार भरतो. कंधारकडची लाल कंधारी जनावरें आणि लातूर जिल्ह्यांतलीं देवणी जनावरें एकमेकांशेजारीं उभीं राहतात. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा तेथें कानावर पडतात. वर्षभर गांवोगांव फिरणाऱ्या भटक्या जमातींचीं माणसें या यात्रेंत एकत्र येत; त्यांच्या पंचायती तेथें बसत, सोयरिकी तेथें जुळत. त्या लोकांना शेत नव्हतें, म्हणून त्यांची येळवस माळेगांवच्या माळावर, असें वडील म्हणत. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हां कळला नव्हता.

आतां या सणाच्या नांवाविषयीं बोलतों, आणि त्याबरोबर माझी एक चूक कबूल करतों. १९८० नंतरची गोष्ट. मुलांना 'माझा आवडता सण' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. ज्यानें रानाविषयीं प्रश्न विचारला होता त्याच मुलानें येळवशीवर लिहिलें. निबंध चांगला होता. परंतु मीं 'येळवस' हा शब्द जेथें जेथें आला तेथें तेथें तांबड्या शाईनें खोडला, त्यावर 'वेळ अमावास्या' असें लिहिलें, समासांत 'ग्राम्य शब्द वापरूं नयेत' असा शेरा दिला आणि दोन गुण कापले. खेडवळ माणूस 'वेळ' या शब्दाचा उच्चार 'येळ' असा करतो, हें व्याकरण मला पक्कें ठाऊक होतें.

पुढें एका दिवाळींत मी भालकीस आत्याकडे गेलों. तिचे यजमान तेथील शाळेंत कानडी शिकवीत. बोलतां बोलतां हा विषय निघाला, तेव्हां ते हंसून म्हणाले, "अरे मास्तर, ती वेळ नव्हे. आमच्याकडे तिला यळ्ळ अमावास्या म्हणतात. यळ्ळु म्हणजे तीळ. तिळाची अमावास्या आहे ती." त्यांनीं आणखी सांगितलें कीं, शेतांत जें अन्न शिंपतात त्याला त्यांच्याकडे 'चरग' असें नांव आहे. आमच्याकडे त्याच क्रियेला 'चर शिंपणें' म्हणतात. माझ्या आजीच्या आरोळींतले न कळणारे शब्दहि त्याच बाजूनें आलेले होते. म्हणजे निबंधांतला मुलाचा शब्द मूळ शब्दाच्या जवळ होता, आणि माझी दुरुस्ती हीच चूक होती. शिकलेल्या माणसानें आपल्याला न कळणाऱ्या शब्दाला आपल्याला कळणारा अर्थ दिला, आणि तोच पुढें कागदोपत्रीं चढला.

यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं. नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या दरबारांत तयार झालेल्या 'कविराजमार्ग' या कानडी ग्रंथांत कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. आणि गोदावरी म्हणजे नांदेडची नदी. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत; तें लट्टलूर म्हणजेच आपलें लातूर, असें इतिहासकार मानतात. त्यांच्यानंतर कल्याणीच्या चालुक्यांचें, पुढें देवगिरीच्या यादवांचें, मग बीदरच्या सुलतानांचें आणि शेवटीं निजामाचें राज्य या मुलखावर झालें. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ सालापर्यंत बीदर जिल्ह्यांतच होते. त्या वर्षीं भाषावार प्रांतरचना झाली, सीमा आंखली गेली, आत्याचें भालकी कर्नाटकांत गेलें आणि आमचें अहमदपूर मुंबई राज्यांत आलें. लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ सालीं झाला. निजामाच्या दप्तरांत आझूर, दै, बहमन असे महिने चालत. शाळेंत इंग्रजी महिने आले. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी त्याच एका अमावास्येस आपल्या रानांत जात राहिला. राज्यें बदललीं, दप्तरांची भाषा बदलली, कोपीची जागा बदलली नाहीं.

या दिवसाची तिथि ध्यानांत घेतली म्हणजे आणखी एक गोष्ट दिसून येते. तामिळ देशांतलें पोंगल किंवा पंजाबांतली वैशाखी हे सण पीक हातीं आल्यानंतरचे आहेत. येळवस ही पीक हातीं येण्यापूर्वींची आहे. शाळूच्या कणसांत दाणे भरत असतात. अजून ढग येतील, कीड येईल, पांखरें येतील. कशाचीच खात्री नसते. कर्नाटकाच्या मलनाड भागांत आश्विनी पौर्णिमेस भूमिपौर्णिमा पाळतात आणि भूमीला गर्भवती समजून तिचे डोहाळे पुरवितात. आमच्या येळवशीचा भावहि तोच आहे. रानांत उगवलेलें सारें शिजवून पहिला घांस रानाला द्यावयाचा. मिळालेल्याबद्दल आभार मानणें सोपें असतें. अजून मिळालेलें नाहीं तोंच जेवूं घालणें ही निराळी गोष्ट आहे. या निराळेपणाची कसोटी लागलेले तीन प्रसंग मला सांगावयाचे आहेत. त्यांपैकीं पहिला ऐकलेला आहे, दोन पाहिलेले आहेत.

देश १९४७ च्या ऑगस्टमध्यें स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद संस्थानांतील आम्हीं लोक १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच अमलाखालीं होतों. त्या काळांतली येळवस १९४८ च्या जानेवारींत आली. वडील तेव्हां वीस वर्षांचे होते. रझाकारांच्या भयानें घरांतील बायकामुलें सोलापूरकडे नातलगांकडे गेलेलीं, आणि शेतांत कोपी नव्हती. सप्टेंबरांत पोलिस कारवाई झाली आणि संस्थान भारतांत सामील झालें. परंतु त्यानंतरच्या दिवसांत अनेक गांवीं मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना त्याची सर्वांत अधिक झळ पोंचली, असें पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें नमूद करून ठेवलें आहे. आमच्या शेताशेजारीं एक पिंजारी कुटुंब राहत असे. तें दर येळवशीला आमच्या पंगतीस असावयाचें. डिसेंबरअखेर पुन्हां येळवस आली तेव्हां आजोबांनीं त्यांची पत्रावळ मांडली. तिच्यावर भज्जी वाढली, उंडा ठेवला आणि द्रोणांत आंबील ओतली. दिवस मावळेपर्यंत कोणी आलें नाहीं. घरांतल्या कोणीहि त्या गोष्टीवर चर्चा केली नाहीं. तेव्हांपासून आमच्या शेतावर घरच्या माणसांपेक्षां एक पत्रावळ अधिक मांडण्याचा प्रघात पडला. जो वाटेनें जाईल त्याची ती पत्रावळ.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. आमच्या त्या जुन्या पंगती वर्णनांत वाटतात तितक्या सरळ नव्हत्या. गांवच्या बलुतेदारांना व मजुरांना येळवशीचें अन्न मिळे, पण वस्तीबाहेर राहणाऱ्यांना तें बांधापलीकडे बसून मिळे. जे हात शेत नांगरीत व खुरपीत त्यांनाच कोपीजवळ येण्याची मोकळीक नसे. आजोबांच्या वेळीं असें होतें. वडिलांच्या वेळीं आमचा सालगडी पंगतींत आला. एवढेंहि होण्यास एक पिढी लागली. सणाची थोरवी गातांना हा बांध विसरूं नये.

दुसरा प्रसंग १९७२ च्या दुष्काळांतला. मी तेरा वर्षांचा होतों. खरीप बुडालें, परतीचा पाऊस आला नाहीं, रब्बीची पेरणीच झाली नाहीं. वडील आणि काका रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात. घरांत रेशनवर मिळणारा तांबडा मिलो होता, तो परदेशांतून आलेला. १९७३ च्या जानेवारीच्या आरंभीं अमावास्या आली. आई म्हणाली, "रान उघडं पडलंय. जाऊन करायचं काय?" वडील म्हणाले, "उघडं पडलं म्हणून परकं झालं का?" दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मजुरी बुडविली आणि आम्हीं सारे शेतांत गेलों. कडबा नव्हता, तुराट्या बांधून कोपी केली व तिच्यावर आईचें लुगडें घातलें. आंबील त्याच तांबड्या मिलोची होती. भज्जींत हिरवें कांहीं नव्हतें, चिंच तेवढी होती. वडील मडकें घेऊन उठले आणि नेहमीसारखी आरोळी देत निघाले. मीं विचारलें, "बाबा, पीक कुठं आहे? शिंपायचं कशावर?" ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मडकें माझ्या हातीं दिलें आणि पुढें चालूं लागले. ढेंकळांवर आंबील पडे आणि क्षणांत जिरे. त्या दिवशींहि एक पत्रावळ अधिक होती. रस्त्यानें चाललेलें एक नवराबायकोचें जोडपें तिच्यावर येऊन बसलें. तींहि खडी फोडावयास निघालेलीं होतीं. आईनें आपल्या वाट्यांतला अर्धा उंडा त्या बाईला दिला, तो मला अजून दिसतो.

तिसरा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जनानंतरच्या त्या रात्रीं, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं आणि हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. माझ्या वर्गांतलीं मुलें पत्र्याच्या निवाऱ्यांत राहत होतीं. १९९४ च्या जानेवारींत येळवस आली तेव्हां सण करावा कीं न करावा असें कोणी कोणाला विचारलें नाहीं. माणसें नेहमीपेक्षां फार थोडीं होतीं, बोलणें तर जवळजवळ नव्हतेंच. परंतु शेतांत कोप्या उभ्या होत्या, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. जे आपले सर्व लोक गमावून बसले होते त्यांना दुसऱ्यांनीं हाताला धरून आपल्या शेतांत नेलें होतें.

पुढें कांहीं वर्षें माझी नोकरी नांदेड जिल्ह्यांत झाली. तेथें पौष शुद्ध सप्तमीस मी मुलांना घेऊन गुरुद्वारांत जात असें. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं नांदेडास आले आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. आजच्या तख्त सचखंड हुजूर साहिबाची वास्तु महाराजा रणजितसिंगानें १८३२ ते १८३७ या सालांत बांधविली. तेथील लंगरांत आम्हीं खालीं बसून जेवत असूं. शेजारीं कोण बसला आहे हें कोणी विचारीत नसे. सातच दिवसांपूर्वीं शेतांत जेवलेलीं माझीं मुलें म्हणत, "बाबा, ही यांची येळवस का?" मुलांनीं मांडलेलें हें गणित मला खोडावेंसें वाटलें नाहीं. तांबड्या शाईनें मीं एकदां चूक केलेली होतीच.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगून संपवितों. वडिलांच्या पश्चात् चौदा एकरांचे वांटे झाले. माझ्या वांट्यास पांच एकरांच्या आंत जमीन आली, आणि ती मुलांच्या शिक्षणासाठीं मीं विकली. त्याबद्दल मी कोणास दोष देत नाहीं. जें केलें तें विचार करून केलें. निवृत्त झाल्यावर लातूर शहरांत राहूं लागलों. येळवशीच्या दिवशीं लातूर पाहण्यासारखें असतें. जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतें, बाजारपेठ बंद असते, आणि रस्त्यांवर चिटपांखरूं दिसत नाहीं. जमीन विकल्यानंतरच्या पहिल्या येळवशीला आम्हीं दोघें दार लावून घरांत बसलों होतों. थंडी होती म्हणून पत्नीनें खिडक्याहि लावून घेतल्या. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, इंग्रजी धड्यांतल्या माणसांप्रमाणें सणाच्या दिवशीं आपणहि घरांत बसलों आहों, आणि 'त्यांना रान नाहीं का?' हा प्रश्न आतां आपल्याला विचारला जात आहे.

दहाच्या सुमारास दूरध्वनि वाजला. तोच विद्यार्थी होता, आतां चाळिशी ओलांडलेला. म्हणाला, "गुरुजी, जमीन विकल्याचं कळलं. येळवस आहे. बाईंना घेऊन आमच्या रानांत या, गाडी पाठवतो." आम्हीं गेलों. त्याच्या शेतांत खरिपाचें सोयाबीन निघून हरभरा उभा होता. ज्वारी बांधाच्या कडेनें चारच ओळी होती. "कडबा कोपीपुरता तरी पाहिजे ना," असें तो म्हणाला. पूजा झाली, आंबील शिंपून झाली. पंगतीला बसलों असतां मीं त्याला त्या निबंधाची आठवण दिली आणि यळ्ळ अमावास्येची सारी हकीकत सांगून त्याचाच शब्द खरा होता हें कबूल केलें. तो मोठ्यानें हंसला आणि म्हणाला, "मग गुरुजी, ते दोन मार्क आतां द्या." मीं दिले.

तेव्हांपासून दर वर्षीं आम्हीं त्याच्या शेतावर जातों. आमच्या घरचीं एकाऐवजीं दोन माणसें जातात, म्हणून तो दोन पत्रावळी अधिक मांडतो. आणि मीं एकदां वडिलांची गोष्ट सांगितल्यापासून आमच्याहून आणखी एक.

श्रोतेहो, त्या मुलाच्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. रान ज्याच्या नांवावर असतें त्याचेंच केवळ तें असतें, असें नाहीं. येळवशीच्या दिवशीं तरी जो बोलावील आणि जो येईल, त्या दोघांचें तें असतें. हा दिवस सुगीचा नाहीं, आशेचा आहे, आणि आशा एकट्यानें खावयाची वस्तु नव्हे. आपणांपैकीं ज्यांच्या गांवीं अद्याप जमीन आहे त्यांनीं या अमावास्येस मुलाबाळांसह तेथें जावें आणि घरच्या माणसांपेक्षां एक पत्रावळ अधिक मांडावी. ज्यांची जमीन गेली आहे त्यांनीं, कोणी बोलाविलें तर, मनांत संकोच न धरतां त्या पत्रावळीवर जाऊन बसावें. ती आपल्यासाठींच मांडलेली असते.